हिरवा ठिपका आणि माझी चोच

मी चोच बोलतोय. दचकू नका, आणि कावळा तर मुळीच म्हणू नका. तो हक्क फक्त श्रुतिकाचा. मी एक मुखवटा आहे. जुन्या काळी परदेशात प्लेगचे डॉक्टर घालायचे तसला, लांब चोचीचा, गोल काचांच्या डोळ्यांचा, काळ्या चामड्याचा. फक्त मला चामडं नाही, काच नाही, वजनही नाही. मी मोबाइलवरच्या एका गेममध्ये राहतो. गेमचं नाव सांगत नाही. त्या सगळ्या एकमेकींच्या मावसबहिणीच: एक बेट, वरून उड्या टाकणारी माणसं आणि धडाधड गोळ्या.

आधीच सांगून टाकतो, मी नुसता दिखाऊ माल आहे. मला घातलं म्हणून गोळी अडत नाही की ताकद वाढत नाही. 'शोभेची वस्तू' असंच माझ्याखाली लिहिलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार लागलं होतं मला.

दुसरं म्हणजे, मला ऐकू येतं. तुमचा माइक चालू असला तर तुमचं बोलणं पुढे जातं, बंद असला तर माझ्याकडेच राहतं, एवढाच फरक. हे कंपनीला सांगू नका. दिसत मात्र काही नाही. माझ्या काचा बेटाकडे आहेत, तुमच्याकडे नाहीत. तुम्हाला मी ओळखतो ते आवाजावरून आणि अंगठ्यावरून.

जन्म माझा अंधेरीचा. साकीनाक्याच्या एका स्टुडिओत परदेशी कंपनीचं काम आलं होतं आणि ते गंधाली नावाच्या मुलीच्या वाट्याला गेलं. तिने मला काढला, घासला, पुसला, पुन्हा काढला. तिचे साहेब येऊन म्हणाले, "चोच कमी कर. खेळाडू भिंतीला टेकला की चोच भिंतीतून पलीकडे येतेय."

"सर, चोच कापली तर तो डॉक्टर नाही राहणार. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला वाटेल," गंधाली म्हणाली.

साहेब हसले आणि चोच वाचली. मग ती शेजारच्या मुलीला सांगत होती, त्या काळी लोकांना वाटायचं रोग वासातून येतो, म्हणून डॉक्टर चोचीत सुगंधी पाला भरायचे. इलाज काडीचा नव्हता त्यांच्याकडे, तरी आजाऱ्याच्या उशाशी जायचे. हे वाक्य मी आजवर जपून ठेवलंय. दिखाऊ मालालासुद्धा काहीतरी धरून जगावं लागतं.

गंधालीनेच सुचवलं, की हा दुकानात विकायचा नाही, कमवायचा. आमच्या गेममध्ये गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. तो जमिनीवर रांगतो, आणि तेवढ्यात जोडीदाराने जवळ येऊन हात दिला तर उठतो. हात देईपर्यंत जोडीदाराला गोळी घालणं अगदी सोपं, म्हणून शहाणे लोक पळ काढतात. पण त्या आठवड्यात जो सर्वांत जास्त पडलेल्यांना उचलेल, त्याला मी बक्षीस. एकदाच. पुन्हा कधी नाही.

मी मिळालो घाटकोपरच्या सुयोगला. भटवाडीत राहणारा, मालाडच्या एका ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणारा मुलगा. त्या आठवड्यात त्याने कोणालाही उचललं. ओळखीचे, अनोळखी, शिव्या देणारे. एकजण तर ओरडला, "अरे सोड ना यार, तू पण मरशील!" सुयोग म्हणाला, "मरू दे. तू ऊठ आधी."

मला घालून तो पहिल्यांदा बेटावर उतरला तेव्हा त्याची बहीण श्रुतिका खो खो हसली. "दादा, हा काय कावळा घातलायस?"

"कावळा नाही गं, डॉक्टर आहे तो."

श्रुतिकाचा आयडी त्यानेच उघडून दिलेला, 'कैरी' नावाचा. ती खेळण्यात अगदीच ढ. उतरली की गोळी खायची आणि ओरडायची, "दादा, पडले, उचल ना!" आणि तो दरवेळी जायचा. समोर अख्खी पलटण असली तरी जायचा. त्याच्या अंगठ्याला एक सवय होती. वळायच्या आधी किंचित थांबायचा, कोणी मागे राहिलं का बघत. असा अंगठा मला दुसरा भेटला नाही.

हे बरे दिवस. मग तो मला भर सकाळीच घालायला लागला.

आधी तो संध्याकाळीच यायचा. आता भर कामाच्या वेळेत यायचा. आजूबाजूला मेट्रोची घोषणा, मग पाखरांचा आवाज, मुलांचा झोका कुरकुरल्याचा आवाज, मग डब्याचं झाकण उघडल्याचा. ऑफिसात कुठे झोका असतो? फोन आला की तो खेळ तसाच सोडायचा आणि मी मैदानात उभा राहून गोळ्या खायचो. पलीकडचं ऐकू यायचं नाही, याचंच यायचं: "हो आई, जेवलो. भाजी चांगली होती. मीटिंग आहे गं, ठेवतो."

मीटिंग कसली डोंबलाची! बागेतल्या बाकावर तो आणि मी.

हळूहळू उलगडा झाला. त्याच्या ऑफिसात तक्रारी ऐकायला आता माणूस लागत नव्हता, मशीनच बोलायला लागलं होतं. सगळ्या टेबलावरच्यांना घरी पाठवलं. सुयोगने हे घरी सांगितलंच नाही. सकाळी आई, सुलक्षणा, डबा भरून द्यायची. हा बूट घालून निघायचा, मेट्रोने मालाडपर्यंत जायचा आणि बागेत बसायचा. कामासाठी फोन करायचा. पलीकडून नकार आला की मला घालून बेटावर जायचा आणि कोणाकोणाला उचलत बसायचा. स्वतः मात्र पार खाली बसला होता. मला कळत होतं, पण चोचीला वाचा कुठे?

एका संध्याकाळी तो घरी खेळत होता. माइक बंद होता. आई म्हणाली, "उद्या गावाहून शिवदासकाका येतले. त्यांच्या झिलाक तुझ्या ऑफिसात लावूचो असा. सकाळी दोघांका घेवन जा तुझ्यावांगडा."

काकांच्या मुलाला सोबत नेऊन कुठल्या ऑफिसात लावणार? सुयोगचा अंगठा जागच्या जागी थिजला. "हो," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी, काका यायच्या आधीच, तो डबा घेऊन घरातून निघाला. वाटेत कुठेतरी त्याने गेम उघडला. बेटावर गेला नाही. वस्तू ठेवायच्या पेटीतून मला काढलं, समोर धरलं, बोटाने गोल गोल फिरवून सगळ्या बाजूंनी बघितलं. मग बाहेर पडला. माणूस आवडती वस्तू अशी बघतो ती देऊन टाकायच्या आधी.

आणि तसंच झालं. पुन्हा उजेड आला तेव्हा अंगठा वेगळा होता.

"झकास! कावळा आपला!" नवा आवाज ओरडला. मुलुंडचा विकी. सुयोगचा कॉलेजचा दोस्त. त्यांच्यात एकमेकांना आयडी द्यायची पद्धतच आहे. तुझा घे, माझा वापर, मला वरच्या नंबरावर चढवून दे. गेमच्या नियमात बसत नाही, पकडलं तर आयडी बंद, म्हणून विकी माइक बंद ठेवायचा आणि समोरच्यांचे आवाजही. कानात गाणी लावून खेळायचा. वाईट नाही पोरगा, नुसता धांदरट आहे.

घाटकोपरला तेव्हा काय चाललं होतं ते मला नंतर श्रुतिकाच्या तोंडून कळलं. सुयोग संध्याकाळी आला नाही. फोन बंद. ऑफिसात विचारलं तर, "तो? तो तर केव्हाच गेला इथून." घरात एकच आकांत. तेवढ्यात श्रुतिकाने गेम उघडला आणि सुयोगच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला.

आमच्याकडे माणूस आत आला की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. मित्रांना दिसतो. बस, त्या ठिपक्यावर अख्खं घर टेकलं.

"हिरवो असा म्हणजे बरो असा माझो झील," सुलक्षणा म्हणाली आणि तिने श्रुतिकाचा फोन चार्जरला लावून देवाजवळच ठेवला. सुयोगचा बाप, दत्ताराम, पोलिसांत जाऊ म्हणाला. तिने अडवलं. "पोलिसांक बघून तो भियात. आणिक लांब जायत. खेळता मा? खेळता म्हणजे जेवता, झोपता. येतलो."

आणि मी इकडे विकीच्या तोंडावर! ठिपका हिरवा होता तो माझ्यामुळे, विकीमुळे. सुयोग त्या ठिपक्यात नव्हताच. तो कुठे आहे, आहे की नाही, कोणाला ठाऊक! घरची माणसं ठिपक्याकडे बघून घोट घोट पाणी पीत होती आणि शोधायचे दिवस हातातून निसटत होते. अंगठा सुयोगचा नाही हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. काय उपयोग? शोभेची वस्तू!

श्रुतिका 'कैरी' बनून रोज विनंती पाठवायची: मला तुझ्या संघात घे. विकी ती बाजूला सारायचा. सुयोगची कोणी खेळगडी असेल, त्याला काय माहीत! एका दुपारी त्याला एक गडी कमी पडला आणि त्याने 'हो' दाबलं.

"दादा?" तिचा आवाज आला. "दादा, मी आहे. बोल ना. कोणी रागावणार नाही, शप्पथ."

विकीच्या कानात गाणी. मी सगळं ऐकतोय, आणि ज्याने ऐकायचं तो गाणं गुणगुणतोय.

ती माझ्या मागे मागे धावत राहिली. "बाबा काही बोलणार नाहीत. आई जेवत नाहीये नीट. तू नुसती मान हलव. उडी मार एक. काहीतरी कर रे!" तेवढ्यात टेकडीवरून गोळी आली आणि ती पडली. रांगायला लागली. "दादा, पडले. उचल ना."

मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होतो. वळ रे विकी, वळ! एकदा तरी मागे बघ! विकी वळला नाही. शहाण्यासारखा पळाला. अंगठा जराही थांबला नाही.

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, हा दादा नाही."

"असां बोला नको गो," मागून सुलक्षणा म्हणाली.

"दादा मला टाकून नाही जात, आई. कधीच नाही गेला. हा दुसरा कोणीतरी आहे."

रांगता रांगता तिने अक्षरं टाइप केली. आवाज बंद करता येतो, पण संघातल्याने लिहिलेलं पडद्यावर उमटतंच: 'तू कोण आहेस? माझा भाऊ घरातून निघून गेलाय. हा त्याचा आयडी आहे.'

विकी जागीच उभा राहिला. मला धडाधड गोळ्या लागल्या, त्याचं लक्ष नव्हतं. त्याने माइक उघडला. "श्रुती? मी विकी. मुलुंडचा विकी गं. सुयोग निघून गेला? कुठे?"

"आयडी तुझ्याकडे कसा आला?"

"त्यानेच दिला. मेसेज आहे ना. थांब, वाचतो." आणि तो वाचायला लागला. "'विकी, आयडी तू ठेव. डॉक्टरला नीट सांभाळ. मला आता लागणार नाही.'... अगं, मला वाटलं लग्न-बिग्न ठरलं असेल, गेम सोडतोय. आईशप्पथ, मला नाही कळलं."

पलीकडे सुलक्षणाचा हुंदका फुटला, आणि दत्तारामचा आवाज आला, "चपला घाल, श्रुती. पोलीस चौकीत जायचं."

निघता निघता श्रुतिका विकीला म्हणाली, "तू आता आत यायचं नाहीस. अजिबात नाही. यापुढे ठिपका हिरवा झाला तर तो दादाच असला पाहिजे." डोकं चालवलं पोरीने.

विकी बाहेर पडला. ठिपका विझला. माणूस आत नसला की आमच्याकडे अंधारही नसतो, काहीच नसतं. किती काळ गेला मला सांगता येणार नाही. बाहेर, श्रुतिकाने नंतर सांगितलं तसं, पोलीस शोधत होते, विकी सुयोगचा फोटो घेऊन मालाडच्या बागा पालथ्या घालत होता आणि श्रुतिका त्या विझलेल्या ठिपक्यासमोर बसून होती. ठिपका हिरवा होता तेव्हा तो खोटा होता. आता खरा होता आणि विझलेला होता.

आणि एका दुपारी उजेड झाला.

अंगठ्याने आधी पेटी उघडली. मला बाहेर काढलं, घातलं, आणि सावकाश गोल फिरवलं. मी ओळखलं! जिवंत आहे! अरे, जिवंत आहे हा! मागे समुद्राचा आवाज होता आणि कोणीतरी ओरडत होतं, "लाइट सरकव! सगळे गप्प बसा, शॉट आहे!" मागाहून कळलं, कुठल्या तरी शूटिंगच्या बंगल्यावर खुर्च्या उचलायचं काम धरलं होतं त्याने. फोनमधलं सिम काढलेलं, बंगल्याच्या वायफायवर, जुन्याच पासवर्डने आला होता. डॉक्टर विकीकडे बरा आहे ना, एवढंच बघायला.

तेवढ्यात पडद्यावर आलं: 'कैरी तुम्हाला बोलावत आहे.'

अंगठा 'हो' आणि 'नाही' यांच्या मधोमध अडकला. मी मनात म्हटलं, सुयोग, आजवर पडलेल्या माणसाला तू कधी 'नाही' म्हटलं नाहीस. तिच्या हाकेला आज म्हणू नकोस.

त्याने 'हो' दाबलं.

"दादा, तूच ना?" श्रुतिका म्हणाली. याचा माइक बंद. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, तिला नाही. "तूच आहेस. जाऊ नकोस हं. आई! बाबा! धावत या!"

घाबरला तो. अंगठा 'बाहेर पडा'वर जाऊन टेकला. एकदा दाबलं की संपलं. पुन्हा हा पोरगा कधी आत येणार नाही, हे मला पक्कं कळलं.

"सुयोग," दत्तारामचा आवाज आला. हा माणूस गेममध्ये कधी बोलला नव्हता. फोन कुठे धरायचा तेही त्याला ठाऊक नव्हतं, आवाज लांबून येत होता. "ऐक जरा. मला ठाऊक होतं."

अंगठा थांबला.

"तुझ्या बुटांना लाल माती असायची. ऑफिसात कुठली आली माती? मला कळलं होतं, पण मी गप्प राहिलो. आपल्या घराची रीतच ती. संप झाला, गिरणी बंद पडली, तरी माझे बाबा रोज सकाळी डबा घेऊन जायचे. बंद गेटासमोर बसायचे आणि संध्याकाळी यायचे. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. माझी आई तरी रोज डबा भरायची. माणसाची मान खाली जाऊ नये म्हणून विचारायचं नाही. मीही तेच केलं, पोरा. चुकलो मी. विचारायला पाहिजे होतं."

सुयोगचा अंगठा 'बाहेर पडा'वरून उठला आणि पेटीकडे गेला. माझ्यावर आला. 'काढा' असं दाबलं.

मी उतरलो. माझ्याखाली सगळ्यांना फुकट मिळतो तोच साधा चेहरा होता. सुयोगने तो कधी कोणाला दाखवला नव्हता. मग त्याने माइक उघडला. "बाबा, मग आजोबांनी पुढे काय केलं?"

"पुढे?" दत्ताराम म्हणाला. "एक दिवस आईने दोन डबे भरले, आणि तीही त्यांच्याबरोबर गेली. गेटासमोर बसून दोघं जेवली. मग घरी आली. दुसऱ्या दिवसापासून बाबा भाजीची पाटी घेऊन बसायला लागले."

सुयोग रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. पलीकडे सुलक्षणाने फोन ओढून घेतला. "खंय असस रे? सांग मरे. मी डबो घेवन येतंय."

"मढला, आई," तो म्हणाला. "बंगल्यावर."

पुढचं मी पाहिलं नाही, पेटीत होतो. श्रुतिका सांगत होती, तिघं वर्सोव्याहून बोटीने खाडीपलीकडे मढला गेली. आईने डबा तर एवढा भरला होता, की जेट्टीवर बसून चौघं जेवली आणि बोटवाल्यालाही दिलं. शिवदासकाकांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "एवढंच? अरे, मग दोघं मिळून शोधा काम."

आज मी पेटीत आहे. सुयोग कधीमधी खेळतो, पण उघड्या चेहऱ्याने. विकी माझ्यासाठी अजून लाळ गाळतो. सुयोग त्याला देत नाही. घालत नाही आणि देतही नाही. मला वाईट वाटत नाही. कालच श्रुतिका नेहमीसारखी पडली आणि ओरडली, आणि तो गोळ्यांतून वाट काढत गेला. मी पेटीतून ऐकलं. उचलणारा तोच होता. चोचीचा त्यात काही हात नव्हता.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याही फोनात कोणाच्या तरी नावापुढे ठिपका हिरवा असेल. तो बघून निवांत होऊ नका. ठिपक्यामागे अंगठा कोणाचा आहे, ते मी आत राहूनही कोणाला सांगू शकलो नाही. हाक मारा. 'जेवलास का?' विचारा. आणि तो 'हो' म्हणाला, की लगेच फोन ठेवू नका. कुठे बसून जेवलास, तेही विचारा.